वखारीचं खारं लाकूड

दोन हजार सोळा साल. मला एकसष्टावं लागलं होतं. होळी होऊन आठ-दहा दिवस झालेले, वरंधा घाटातला पळस विझायला आलेला, तेव्हा मी आणि माझा मेहुणा सोपान घाट उतरून खाली बंदरावर गेलो. तिथली एक जुनी वखार उतरवायला.

उतरवायला म्हणतो, पाडायला नाही. पाडायला जेसीबी आहे, त्याला डोकं लागत नाही. आम्ही सुतार. आम्ही घर उतरवतो. खुंटी काढून तुळई सोडवायची, खांब खालच्या दगडावरून अलगद उचलायचा, दाराची चौकट एका अंगानं बाहेर घ्यायची, आणि सगळं असं आणायचं की दुसऱ्या गावात ते परत उभं राहील. लेक सासरी निघताना बायामाणसं तिची पेटी जशी भरतात, तसं ते काम.

ती वखार सोपानच्या घाईनं पडली, असं पालीपासून कापूरहोळपर्यंत लोक सांगतात. ते खोटं आहे. ह्या माघात सोपान गेला आणि ते खोटं त्याच्या नावाला चिकटून राहिलं. ते सोडवायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर ओबडधोबड. पण हात अजून थरथरत नाही, आणि कुणाकडून लिहून घ्यायची मला सवय नाही.

चैत्र लागला की मला ते लाकूड आठवावं लागत नाही, तेच आठवण देतं. कापूरहोळच्या फाट्यामागं माझी पत्र्याची शेड आहे. तिच्यात वखारीच्या उरलेल्या तीन तुळया आणि दहा-बारा वासे अजून पडून आहेत. ऊन तापलं की पत्रा तडतडतो, आणि त्या तुळयांच्या अंगावर पांढरं पांढरं फुटतं. हाताला लावून जिभेवर ठेवलं तर मीठ. इतकी वर्षं झाली, समुद्र दोन डोंगर पलीकडं राहिला, तरी लाकडातला खार संपत नाही. वास पण येतो. डांबराचा, खजुराचा, सुक्या मासळीचा. बाहेर हायवेवर ट्रकचं पंक्चर काढतात, ढाब्यावर कांदा परततात, आणि शेडमध्ये बंदर.

बाकीचं गेलं. नक्षीचे हस्त, म्हणजे खांबाच्या डोक्यावर तुळईला आधार देणारे ते पोपटाच्या चोचीसारखे तुकडे, शिवऱ्याजवळच्या एका हॉटेलात आहेत. भिंतीला चिकटवलेत. त्यांच्यावर काहीच नाही, नुसते हवेला आधार देतात. मोठं दार, ज्यातून बैलगाडी आत जायची, ते एका फार्महाउसवाल्यानं आडवं टाकून वर काच बसवली आणि जेवायचं टेबल केलं. मला कौतुकानं दाखवायला नेलं. लोखंडी खिळ्यांच्या मधे भाताची शितं अडकली होती. म्हणाला, "मिस्त्री, कसं दिसतंय?" मी म्हटलं, "दार उघडता येत न्हाई आता." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

ह्या लोकांना जुनं लाकूड हवं असतं. जुना माणूस नको असतो. असो.

बंदराचं ते गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आम्ही देशावरचे. माझं आयुष्य भोर आणि वेल्ह्याच्या घरांत गेलं. हायवे रुंद व्हायला लागला तेव्हा शिवऱ्याच्या कडेची घरं मीच उतरवली. त्या नावावर मला खालून बोलावणं आलं. खाडीच्या काठी गल्ली होती, वखारींची. बहुतेक पडलेल्या, एकदोन उभ्या. आमच्या वखारीच्या बाहेरच्या भिंतीत लोखंडी कड्या होत्या, मनगटाएवढ्या जाड. गलबतं बांधायच्या. पाणी आता तिथून हाकेच्या अंतरावर गेलं होतं, मधे नुसता गाळ, त्यावर खेकडे. गाव बंदराचं राहिलं आणि पाणी सोडून गेलं. कड्या मात्र अजून वाट बघत असल्यासारख्या भिंतीला धरून.

आत अंधार आणि गारवा. जमिनीच्या फटीत खजुराच्या बिया. मधोमध चार सागवानी खांब, कवेत न मावणारे. वर माळा, माळ्यावर माल ठेवायचे. त्याच्या वर कैच्या, म्हणजे छपराचा भार धरणारे लाकडी त्रिकोण, आणि कौलं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हातभर रुंद. मी खांबाला हात लावला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. तिथंच चुकलो.

आमच्या वडलांनी मला एक गोष्ट शिकवली होती, आणि मी ती देवाच्या नावासारखी धरून होतो. ते म्हणायचे, खांब हाय तोवर घर हाय, भिंत म्हंजी अंगावरचं कापड. आणि आमच्याकडं ते खरंच आहे. देशावरच्या जुन्या घरात सगळा भार लाकूड घेतं. मातीची भिंत नुसती मधे भरलेली. पावसात भिंत ढासळली तरी घर खांबांवर उभं राहतं, माणसं परत भिंत घालतात. म्हणून आम्ही घर उतरवताना भिंत आधी काढतो. सांगाडा उघडा पडला की मग सावकाश वरून एकेक लाकूड. चाळीस वर्षं मी तसंच केलं, आणि माझ्या हातून कधी वासा निसटला नाही.

सोपान माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. राजगडाच्या पायथ्याला पालीचा. माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. बारीक अंगाचा, तोंडाचा फटकळ. आमचं नातंच थट्टेचं. माझ्या लग्नात त्यानं माझी चप्पल लपवली, तिथून तो माझी खोडी काढत आला. पण हात असा की काय सांगू. प्रत्येक जोडाला छिन्नीनं खूण करायचा. उगवतीच्या खांबाला एक चीर, मावळतीला दोन, तुळईला फुली, फुलीला शेपूट. त्याला आकडे धड येत नव्हते, पण त्याच्या खुणांवरून दहा वर्षांनी कुणीही घर उभं करावं. कामावर बसला की गुणगुणायचा, शब्द नसायचे, नुसता सूर. सूर थांबला की समजायचं, काहीतरी वाकडं दिसलंय ह्याला.

त्या वखारीत पहिल्याच सकाळी त्याचा सूर थांबला.

"दाजी, हे खांब वरपर्यंत जात्यात का, का माळ्यालाच टेकल्यात?"

"दिसत न्हाई तुला? एवढं जाड खांब काय माळ्यासाठी घातल्यात?"

"अंधार हाय वर. चढून बघू का? दहा मिंटं लागतील."

"नगं. चिरा न्यायला ट्रक परवा येणार हाय. भिंतीला हात घाल."

खाडीकाठी हसनचाचा म्हणून एक म्हातारा होता, होड्या बांधणारा. त्याच्या बापजाद्यांनी गलबतं बांधलेली, आणि त्या गल्लीतल्या वखारीही. तो रोज येऊन दारात बसायचा, बिडी ओढत आमचं काम बघायचा. आम्ही भिंतीला पहार लावलेली पाहून तो उठला.

"मिस्त्री, आधी छप्पर उतरवा. चिरा शेवटी. इकडं भिंत घर धरते, खांब नाही."

"चाचा," मी म्हटलं, "तुमी होड्या करा. घर आमाला कळतं."

"होडीला खांब नसतो, तरी ती उभी राहते ना? कशावर राहते? भिंतीवर. आमच्या लोकांनी तसंच बांधलं, बाबा."

"मग पाण्यात सोडा ही वखार. तरंगती का बघू."

आमच्याकडची दोन माणसं होती, कौलं उतरवायला आणलेली. ती हसली. चाचा हसला नाही. त्यानं बिडी विझवली, म्हणाला, "घाटावरची माणसं, डोंगरासारखीच," आणि निघून गेला.

सोपान पण हसला नाही. पहार भिंतीला टेकवून म्हणाला, "दाजी, म्हाताऱ्याच्या बोलण्यात कायतरी हाय. दोन टेकू तरी लावू तुळईला."

आणि मी त्याला काय म्हणालो ते शब्द मला आजही तसेच्या तसे ऐकू येतात. म्हणालो, "भ्या वाटत आसंल तर बाहीर बस. आक्काकडनं बांगड्या मागवतो."

थट्टेचंच नातं. पण ते थट्टेनं बोललो नव्हतो. त्यालाही ते कळलं. त्यानं पहार उचलली.

मला कुणी शिकवलेलं खपत नाही. आज सत्तरी गाठली तरी खपत नाही. ह्याला कुणी हट्ट म्हणतं, कुणी ताठा म्हणतं. मी त्याला माझा कणा म्हणत आलो. कण्याचा उपयोग वाकायला पण असतो, हे माझ्या हाताखालच्या लाकडाला ठाऊक होतं, मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सकाळच्या दहाच्या सुमाराला, उत्तरेच्या भिंतीचा पोटातला चिरा सोपानच्या पहारेनं सुटला. मी चार हातांवर उभा होतो. बाकीचे दोघं बाहेर निघालेले चिरे रचत होते. आधी नुसता चुना गळाला, पीठ चाळल्यासारखा. मग वर कुठंतरी लाकूड बोललं. मोठ्यानं नाही. म्हातारं माणूस उठताना कण्हतं तसं. सोपाननं मान वर केली. पळाला असता तर सुटला असता. पण तो माझ्याकडं वळला आणि ओरडला, "दाजी, सरा!" त्या दोन शब्दांत त्याची वेळ गेली.

छप्पर निम्मं आलं. चारही खांब जागेवर उभेच होते. त्यांना धक्कासुद्धा लागला नव्हता.

सोपानचा उजवा पाय गुडघ्याखाली तुळईनं धरला होता. तुळई उचलेपर्यंत तो ओरडला नाही. धुळीत त्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते माझ्याकडं बघत नव्हते, वर बघत होते, जिथं कैची भिंतीवरून निसटली होती तिथं. म्हणाला, "बघा. भिंतीवरच हुती."

खाडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात दुपारी हवालदार आला. वही उघडून खाटेशी बसला. कसं झालं, कुणी सांगितलं होतं चिरा काढायला, विचारू लागला. मी भिंतीला टेकून उभा होतो. तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण माझ्याआधी सोपान बोलला.

"माजीच घाई, सायेब. दाजी नगं म्हनत हुते."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. "खरं का?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नुसतीच हलली, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारत राहिलो. आता विचारत नाही. होय म्हणूनच हलवली.

नंतर एकदाच मी त्याला त्याबद्दल विचारलं, पालीला, त्याच्या ओट्यावर. तो म्हणाला, "तुमच्यासाठी न्हाई केलं. आक्काचं कुंकू पोलीस ठाण्यात बसलेलं मला बघवलं नसतं." मग म्हणाला, "आता तो इषय काढू नका. लाकडाला एकदा खिळा मारला, तो सारखा काढून बघायचा नसतो."

त्याच्या त्या एका वाक्यामागं मी नऊ वर्षं लपलो.

लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, लाकूड खारानं खाल्लेलं होतं. कधी म्हणायचो, घाई नडते माणसाला. नाव घ्यायचो नाही, पण ऐकणारा नाव घालून घ्यायचा. पालीत गडावर जाणारी पोरं-पोरी ट्रेकला येतात, सोपान ओट्यावर बसून त्यांना वाट सांगायचा. कुणी विचारलं, बाबा, पाय कशानं गेला, की हसून म्हणायचा, "गडावर पुढं गेलाय. तुमाला भेटला तर खाली धाडा." पण काम त्याला परत कुणी दिलं नाही. बसून करायचंही नाही. चौकटीचं नाही, पाटाचं नाही, देव्हाऱ्याचंसुद्धा नाही. त्याच्यासारखी खूण करणारा माणूस तालुक्यात नव्हता, आणि लोक म्हणायचे, हाताचा चांगला, पण घाईचा. सुताराला दुसरी शिवी नाही. चोर म्हटलेलं चालेल.

सगळ्यात जास्त बोलली ती माझी बायको. तिचा जीव होता त्याच्यावर, म्हणून बोलली. दर भाऊबीजेला ताट हातात घेऊन ओवाळता ओवाळता सुरू व्हायचं. "ह्यांचं ऐकलं आसतंस तर आज दोन पायांवर आला आसतास. ल्हानपणापास्नं तसाच. उतावळा." सोपान पाटावर कुबडी आडवी ठेवून बसलेला असायचा. म्हणायचा, "आक्का, चपलेचा दुकानदार एक चप्पल देत न्हाई. दुसरी दाजीला ठिवलीय. त्येंनी लग्नातली अजून मागितली न्हाई." ती चिडायची, तो हसायचा, आणि मी ताटातल्या दिव्याकडं बघत बसायचो. एकदाही त्यानं माझ्याकडं डोळा वर करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित माझ्या तोंडून निघालं असतं. ते त्याला ठाऊक होतं.

ह्या माघात साखरेनं त्याला नेलं. दुसऱ्या पायाला जखम झाली होती, ती भरली नाही.

आमच्याकडं दहाव्याला नदीवर माईक लावतात. चारदोन माणसं बोलतात. गुंजवणीचं पाणी कमी झालं होतं, गोटे उघडे पडले होते. एक पुढारी बोलला, चांगलंच बोलला. म्हणाला, "सोपाननाना हाडाचे कारागीर. पण एका घाईनं माणसाचं सोनं मातीमोल होतं, हे तरुणांनी ध्यानात ठेवावं." मग माईक माझ्या हातात दिला. दाजी, तुमी दोन शब्द बोला. समोर सगळं पाली, निम्मं वेल्हं. मी म्हणालो, "सोपान लई चांगला माणूस हुता." आणि माईक परत दिला.

घर उतरवायला मला आठ दिवस लागतात. खरं एक वाक्य बोलायला किती लागले असते?

घरी आल्यावर मला जेवण जाईना. गुढीपाडवा झाला. बायको अंगणात कुरडया घालत होती, बाजेवर कापड पसरून. भर दुपार, गव्हाच्या चिकाचा आंबूस वास. मी उंबऱ्यात बसलो आणि सगळं सांगितलं. चाचा काय म्हणाला, सोपान काय म्हणाला, बांगड्यांचं काय म्हणालो, हवालदारापुढं मान कशी हलवली. तिनं हातातला सोऱ्या थांबवला नाही. एकामागं एक गोल कुरडई पडत राहिली. कापड संपलं तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली,

"माईक हातात हुता की."

तिनं सोऱ्या खाली ठेवला.

"चारचौघांत सांगायचं हुतं. मला सांगनं सोपं."

मग सोऱ्या धुताना म्हणाली, "म्या त्येला काय काय बोलले. दर भाऊबीजेला. ववाळताना. ते आता कुटं नेऊन ठिवू?"

तुळई निसटली तर दुसरी घालता येते. नऊ दिवाळ्यांचे बोल परत घेता येत नाहीत, ज्याला लावले तो माणूस राहिला नाही. तिनं त्यानंतर मला जेवायला वाढणं सोडलं नाही. पण आता ताट ठेवते आणि आत जाते. बेचाळीस वर्षं समोर बसायची.

म्हणून हे लिहितोय. चारचौघांना. सोपान घाईचा नव्हता. त्यानं वर चढून बघू म्हटलं, टेकू लावू म्हटलं. मी नको म्हटलं. चिरा माझ्या तोंडानं काढला, त्याच्या हातानं नाही.

पण चारचौघांत सांगायचं तर पुरतं सांगावं. एक गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. अपघाताच्या रात्रीच ती टेम्पोनं घाट उतरून दवाखान्यात पोचली होती. डॉक्टर म्हणाले, पाय राहत नाही, सकाळी काढावा लागेल, सही करा. सही तिनं केली. मी म्हणालो, वखार अर्धी लोंबकळतेय, कुणाच्या अंगावर येईल, मला गेलं पाहिजे. ते खरंही होतं. पण मी त्यासाठी गेलो नाही. ती वखार माझ्या हातानं नीट उतरल्याशिवाय मला चैन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी पहिली होडी धरून खाडी ओलांडली आणि हसनचाचाच्या दारात उभा राहिलो. तो होडीच्या फटीत काथ्या भरत होता. मी विचारलं, "चाचा, कसं उतरवायचं?" तो काथ्या खाली ठेवून बरोबर आला. आधी शिडी लावून मला वर चढवलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चारही खांब माळ्याला टेकून संपले होते, वर नुसती मोकळी हवा. मग त्यानं बोटानं दाखवलं तिथं टेकू लावले, कौलं दोन्ही अंगांनी सारखी काढली, कैचीला दोर बांधला आणि आम्ही ती हळूहळू सोडली. ऊन डोक्यावर यायच्या आत पहिली कैची मांजराच्या पावलानं जमिनीला टेकली. एक खुंटी मोडली नाही. त्याच वेळेला पलीकडं दवाखान्यात सोपानला आत नेलं होतं, हे मला ठाऊक होतं. आमची दोघं माणसं म्हणाली, "मिस्त्री, मानलं तुमाला. हात आसावा तर आसा." आणि मला बरं वाटलं. मी धोतर खोचलं आणि दुसऱ्या कैचीला दोर बांधायला वर चढलो.